तिची बाजू

निम्मं जाळं बुडाल्याचं ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी मोजणीदाराने आधी स्वतःवरच संशय घेतला. गुणाकार-भागाकार पुन्हा केला, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला. आकडा काही हलेना. मागच्या मोजणीत जेवढी यंत्रं निघाली होती त्याच्या निम्मीच आता निघत होती, आणि नकाशावरचे लांबच्या मुलखांतले ठिपके तर ओल्या फडक्याने पुसून काढावेत तसे गेले होते.

मोजणीदार हे त्याचं नाव नव्हे, काम. तो आणि त्याची बायको, दोघं मिळून एका क्रिप्टो नाण्याचं जाळं मोजत. हे नाणं कुठल्या बँकेचं नाही की सरकारचं नाही. जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरी, दुकानाच्या पोटमाळ्यावर, गॅरेजात एकेक कॉम्प्युटर चालू ठेवलेला असतो. ते सगळे एकमेकांशी बोलत राहतात, तोवर नाणं जिवंत. प्रत्येक यंत्राला थोडेसे शेजारी माहीत असतात. सगळे कुणालाच माहीत नसतात. मग एकूण यंत्रं किती आणि ती कुठेकुठे पसरलीत हे कळायचं कसं? तर कुणीतरी दारोदार हिंडायचं. एका यंत्राला हाक मारायची, आहेस का, तुझे शेजारी कोण. ते सांगेल त्या दारांवर जायचं, तिथे पुन्हा तेच. आणि हे कळणं गरजेचंही असतं. बहुतेक यंत्रं एकाच मुलखात निघाली, तर तिथली वीज गेली की खेळ खलास.

पण सगळी दारं उघडत नाहीत. काही यंत्रं आतून बोलतात, बाहेरच्याला ओ देत नाहीत. काही अशी कोपऱ्यात असतात की त्यांचा पत्ता कुणी सांगतच नाही. त्यामुळे जेवढी भेटली तेवढीच आहेत असं म्हणता येत नाही. न भेटलेल्यांचा अंदाज करावा लागतो. इथे बायकोची गरज होती.

कुणी विचारलं तर ती समजावून सांगायची. समजा हे गावात गेले आणि शंभर माणसं भेटून आले. मी दुसऱ्या वाटेने गेले, मीही शंभर भेटून आले. ताडून पाहिलं तर पन्नास जणं दोघांनाही भेटलेली. म्हणजे माझ्या शंभरातली निम्मीच यांना दिसली. तर मग गावातलीही निम्मीच दिसली असणार. यांनी पाहिली शंभर, म्हणून गाव दोनशेचं. अट एकच, वाटा वेगळ्या हव्यात. मी जर यांच्या मागे मागे शेपटासारखी फिरले तर मला तीच शंभर माणसं भेटणार, आणि आम्हाला वाटणार गावच शंभराचं.

एवढं सांगून ती वर म्हणायची, "आमचं कशावरच पटत नाही, म्हणून तर आकडा बरोबर येतो."

खोटं नव्हतं ते. तो मोठ्या, नेहमीच्या, रस्त्यावरच्या यंत्रांपासून सुरुवात करी. ती करायची आडबाजूने. कुठल्या तरी बेटावरचा शाळामास्तर, कुठल्या खाणीच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणारा, असल्या माणसांशी तिची ओळख असे. पत्ता एका देशाचा दाखवून बसलेली यंत्रं दुसऱ्याच देशात असतात, तेही ती पकडायची. हाक मारल्यावर ओ किती वेळाने येतो ते बघायचं. शेजारचा म्हणवतो आणि ओ द्यायला इतका वेळ लावतो, तर तो शेजारचा नाहीच. माणूस पत्त्याबद्दल खोटं बोलेल, ओ खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं.

घरही त्यांनी कामापुरतं वाटून घेतलं होतं. पुढच्या खोलीत तो, खिडकीशी, समोर सायकलच्या दुकानातला ठोकाठोकीचा आवाज. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ती, धुण्याच्या मशीनच्या शेजारी. ते मशीन पिळायला लागलं की तिचं टेबल थरथरायचं, पण जागा बदलायला ती तयार नव्हती. पुढच्या खोलीतून व्हायची ती त्याची बाजू. मागच्या खोलीतून व्हायची ती तिची बाजू. "माझी बाजू झाली." "तुझी अजून राहिली का?" इतक्या वर्षांत तो शब्द घरात मीठमिरचीसारखा झाला होता.

आणि नियम असा की मोजणी चालू असताना एकमेकांच्या खोलीत जायचं नाही, एकमेकांच्या याद्या उघडायच्या नाहीत, कामाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. नाहीतर नकळत एक दुसऱ्याच्या वाटेला लागतो. नियम तिनेच घातलेला. तो आधी हसला होता, मग त्यालाही पटला. मोजणीचा आठवडा आला की जेवण तो सकाळीच करून ओट्यावर झाकून ठेवी, ज्याने त्याने आपल्या वेळेला घ्यायचं, निजायचंही आपापल्या खोलीत. चहा टाकला की तो स्वयंपाकघरातून हाक मारायचा आणि मागून तिचा ओ यायचा. कप तो दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून परत फिरे.

या खेपेला सगळं तसंच झालं होतं. झाकलेलं जेवण, स्टुलावरचा कप, बंद दार. मग दोन्ही बाजू संपल्या, दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या, आणि पाहतो तर जवळजवळ सगळी यंत्रं दोघांनाही सापडलेली. थोडीशी इकडची तिकडे, बाकी तीच ती. असं कधीच झालं नव्हतं. त्याने अर्थ काढायचा तो काढला. दोघं वेगवेगळ्या वाटेने जाऊनही तीच यंत्रं भेटतात, म्हणजे न भेटलेली आता उरलीच नाहीत. वर्षभर लोक नाणं सोडून चाललेत अशी कुजबुज होतीच. त्यामुळे धक्का बसला तरी नवल वाटलं नाही.

तो मागच्या खोलीच्या दाराशी गेला. मोजणी संपली होती, आत जायला हरकत नव्हती. ती गादीवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने दारातूनच सांगितलं की निम्मं गेलं, आणि जरा हलकं करावं म्हणून म्हणाला, "काही म्हण, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आपलं एकमत झालं."

ती हसली. तोंड भिंतीकडेच होतं, पण हसल्याचं खांद्यावरून कळलं. मग म्हणाली, "अरे, पुन्हा मोजू या."

त्याने नाही म्हटलं. आकडा आवडला नाही म्हणून पुन्हा मोजायचं नसतं, हेही तिनेच त्याला शिकवलेलं. दुपारी त्याने आकडा पाठवून दिला आणि तो सगळ्या जगाला दिसू लागला.

संध्याकाळी ती न्हाणीघरात पडली.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं, की दुखणं जुनं आहे, आतून पसरलेलं आहे, आणि उशीर झाला आहे. किती उशीर, हे त्याने विचारलं नाही. हॉस्पिटलात तिच्या धाकट्या बहिणीने रात्रीचं बसणं घेतलं, दिवसाचं त्याने. धाकटी कपडे आल्टर करण्याचं दुकान चालवायची. दुकान बंद ठेवून ती येत होती, आणि त्याच्याशी फारसं बोलत नव्हती. दुःखात माणूस बोलत नाही, असं तो समजला.

बायको बहुतेक वेळ गुंगीत असायची. एकदा दुपारी तिने डोळे उघडले. नर्स सलाईन बदलत होती. नवरा-बायको एकाच वर्गात शिकलेली, म्हणून घरात ती त्याला अरे म्हणायची; चारचौघांत मात्र अहो. घरातल्या मोठ्यांना बरं वाटावं म्हणून लागलेली सवय, मोठे गेले तरी सुटली नव्हती. तेव्हा तिने अहो म्हटलं की ते बोलणं लोकांसाठीचं, किरकोळ, असं त्याचं मन आपोआप धरून चालायचं. ती म्हणाली, "अहो, माझी बाजू राहिली."

त्याने नर्सकडे पाहिलं. नर्स म्हणाली, बरोबर आहे, सकाळपासून एकाच अंगावर आहेत, पाठ लागली असेल. दोघांनी मिळून तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. त्याने तिच्या पाठीशी उशी लावली, चादर सारखी केली, विचारलं, आता बरं वाटतं का. ती त्याच्याकडे बघत राहिली. नंतर तिने मान हलवली. बरं वाटतं म्हणून हलवली, असं त्याला वाटलं.

त्यानंतर ती सांगण्यासारखं काही बोलली नाही. त्या आठवड्याच्या शेवटी गेली.

लोक आले, बसले, गेले. शेजाऱ्यांनी डबे आणले आणि डबे परत न्यायला यायला संकोचले, म्हणून ओट्यावर परक्यांच्या डब्यांची रांग झाली. तो पुढच्या खोलीत बसे. कॉम्प्युटर लावत नसे. समोरच्या सायकलवाल्याने ठोकाठोकी कमी केली होती की काय कोण जाणे, नाहीतर त्यालाच ऐकू येत नव्हती.

मग कारभाऱ्याचा फोन आला. नाण्याला मालक नसतो, पण जिथे मालक नसतो तिथे एक कारभारी असतोच. सगळं बघायचं आणि वर म्हणायचं की मी कोणी नाही. हा त्यातला. वयाने लहान, मोजणीदाराला दादा म्हणणारा. आधी त्याने वहिनींबद्दल जे बोलायचं ते बोलून घेतलं, आणि मनापासून बोलला. मग हळूच मुद्द्यावर आला. आकडा बाहेर पडल्यापासून लोक यंत्रं बंद करायला लागले होते. निम्मे गेले म्हटल्यावर उरलेले कशाला थांबतील? बुडत्या घरात कोण भाड्याने राहतो? पुढच्या बैठकीत नाणं मिटवून टाकायचं की चालवायचं ते ठरणार होतं. एवढंच सांगा, आकडा पक्का आहे ना, असं त्याने विचारलं.

मोजणीदार म्हणाला, पक्का आहे. दोन बाजूंनी मोजलाय.

ते वाक्य बोलताना त्याला बरं वाटलं. तिच्या हातचं शेवटचं काम होतं ते, आणि तिच्या कामात आजवर कुणाला खोट काढता आली नव्हती. जाळं बुडो की तरो, आकडा खरा, हे त्याने जिवाशी धरून ठेवलं होतं. दुसरं धरायला काही नव्हतं.

धाकटी आली ती दोनेक दिवसांनी. मागच्या खोलीतली गादी न्यायची होती तिला, उन्हात घालून पुन्हा भरून घ्यायला. ती खोलीत शिरली तेव्हा तो मागोमाग गेला नाही, दाराशीच थबकला. पाय आपोआप थबकला. तिने ते पाहिलं.

"या की आत, भावोजी," ती म्हणाली. "आता कोण मोजतंय."

तो आत गेला. टेबलावर धूळ होती. खुर्ची टेबलाखाली सारून ठेवलेली आणि खुर्चीवर घड्या केलेल्या कपड्यांचा गठ्ठा. त्याला ते खटकलं. तो म्हणाला, हे कपडे कधी ठेवले कुणी? मोजणीच्या आठवड्यात ती खुर्चीवरून उठायची नाही.

धाकटीने गादीची वळकटी अर्ध्यावर सोडली. बऱ्याच दिवसांचं साठलेलं असावं तसं ती बोलायला लागली, पण आवाज न चढवता. म्हणाली, ताई त्या आठवड्यात खुर्चीवर बसलीच नाही. बसताच येत नव्हतं तिला. ते कपडे मीच ठेवले. मी रोज मागच्या दाराने यायचे, दुखायची गोळी द्यायचे, पाणी द्यायचे, तुम्हाला चाहूल लागू नये म्हणून चपला हातात धरून जायचे. मी म्हणत होते सांग त्यांना, डॉक्टरकडे जाऊ. ती म्हणायची, मोजणीची फेरी संपू दे, मध्येच सांगितलं तर तो सगळं टाकून धावेल आणि फेरी वाया जाईल. आमच्या आईचंही असंच झालं होतं, भावोजी. आई हॉस्पिटलात गेली ती परत आली नाही. ताईला ती पायरी चढायचीच नव्हती. फेरी हे निमित्त.

तो म्हणाला, पण तिची बाजू तर झाली होती. यादी होती पूर्ण.

धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली, "तुमचीच होती ती. ताई पडल्या पडल्या सांगायची, मी बटणं दाबायचे. म्हणाली, त्याचंच घेते या खेपेला, थोडं इकडचं तिकडे करते. पुढच्या खेपेला माझी बाजू नीट मोजीन."

मोजणीदार कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसला.

त्याला सगळ्यात आधी आकडा कळला. अंगात मुरलेली सवय, तिला काय करणार. ती त्याच्या मागे मागे फिरली होती. त्यामुळे तीच ती यंत्रं दोघांना भेटली, त्यामुळे गाव शंभराचं निघालं. जाळं बुडालंच नव्हतं. बेटावरचा मास्तर, खाणीच्या गावातला रेडिओवाला, सगळे आपापल्या जागी बसून होते. नकाशावरून जे ठिपके पुसले गेले ते सगळे तिच्या वाटेवरचे होते. त्या दारांवर या खेपेला कुणी गेलंच नव्हतं, एवढंच.

मग त्याला स्टूल आठवलं. चहाची हाक मारल्यावर मागून तिचा ओ यायचा तो त्या आठवड्यात उशिराने येत होता. एकदा तर तो गाळणं धुऊन, कप भरून, दाराशी पोचला तेव्हा ओ आला. स्वयंपाकघर ओलांडलं की तिची खोली, आणि ओ मात्र समुद्रापलीकडून यावा तसा. जगभरातल्या यंत्रांचा ओ किती वेळाने येतो हे बघून ती कुठे आहेत ते सांगणाऱ्या बाईचा नवरा तो. घरातला ओ त्याने मोजला नाही. नियम पाळला, कप ठेवला, परत फिरला.

आणि मग हॉस्पिटलातली दुपार. नर्स, सलाईन, अहो, माझी बाजू राहिली. त्याने तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं होतं आणि विचारलं होतं, बरं वाटतं का.

धाकटी म्हणाली, मला शिव्या घाला, भावोजी, पण असे गप्प बसू नका. तो म्हणाला, तुला कशाला शिव्या घालू, तू पाणी तरी दिलंस. मग दोघं तिथेच बसून राहिली, गादी अर्धी गुंडाळलेली तशीच.

कारभाऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न होता, आणि तो सोपा नव्हता. आकडा खोटा आहे हे सांगायचं तर तो कुणामुळे खोटा झाला तेही सांगायचं. तिने उभ्या आयुष्यात एक दार न ठोठावता मोजलं नव्हतं, आणि लोकांच्या तोंडी शेवटी हे राहणार, की नवऱ्याची यादी उतरवून काढली. मेल्या माणसाला खुलासा करता येत नाही. न सांगावं तर बैठक होईल, जाळं मिटेल, आणि जी यंत्रं तिने एकेक करून शोधली होती ती तिच्याच आकड्याने मरतील. धाकटीने सुचवलं की चूक तुमच्या बाजूने झाली म्हणून सांगा. त्याने बराच विचार केला. पण मग मोजणीत एक खोटं होतं तिथे दोन झाली असती, आणि दुसरं तिला मुळीच आवडलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने फोन केला आणि सरळ सांगितलं की आकडा मागे घ्या. दुसरी बाजू मोजलीच गेली नव्हती.

पलीकडून कारभारी म्हणाला, "पण दादा, यादी तर दोघांची होती. चूक नेमकी कुणाची?"

"ती आजारी होती," मोजणीदार म्हणाला. "आणि मी शेजारच्या खोलीत होतो. आता तूच ठरव."

त्याच दिवशी आकडा काढून घेतला गेला. त्याच्या जागी दोन ओळी आल्या: मागची मोजणी एकाच बाजूने झाली होती, ती धरू नये. बैठकीने निर्णय पुढे ढकलला. काही लोकांनी यंत्रं पुन्हा लावली, काहींनी नाही लावली. कोण खरंच गेलं आणि कोण नुसतं दिसत नव्हतं, हे आता कळायला मार्ग राहिला नाही. त्या आठवड्यात जाळं केवढं होतं ते कुणालाच कधी कळणार नाही. जी मोजणी त्या वेळी झाली नाही ती मागाहून करता येत नाही.

नवी करता येते. कारभारी तेच म्हणत होता. मोजणीदाराने आपली बाजू करून टाकली, पुढच्या खोलीतून, नेहमीच्या वाटेने. सायकलवाल्याची ठोकाठोकी पुन्हा ऐकू यायला लागली होती. मध्ये एकदा त्याने चहा टाकला आणि हाक मारण्यासाठी तोंड उघडलं. मग मिटलं. कप दोन काढले होते, एक परत ठेवला.

धाकटी म्हणाली, मला शिकवा, मी बसते मागच्या खोलीत. बटणं तर मला येतात. तिचा जीव तुटत होता हे त्याला दिसत होतं. त्याने तिला समजावलं की मी शिकवलं तर तू माझ्याच वाटेने जाशील, मग ती माझीच बाजू दोनदा झाली. तिथे असं माणूस हवं जे मला म्हणेल, तुझं चुकतंय. धाकटी म्हणाली, तेवढं तर मी आत्ताही म्हणू शकते. तो हसला, पुष्कळ दिवसांनी. पण ते तसं नव्हतं, आणि ते तिलाही ठाऊक होतं.

कारभाऱ्याने दोन-तीन जणांची नावं सुचवली आहेत. हुशार माणसं आहेत, लांबची आहेत, त्याला ओळखतही नाहीत. मोजणीदाराने त्यांना अजून कळवलेलं नाही. खुर्चीवरचा कपड्यांचा गठ्ठा धाकटी घेऊन गेली, गादी भरून परत आली, टेबल पुसून झालं. मागच्या खोलीचं दार तो आता उघडंच ठेवतो.

त्याची बाजू झाली आहे. तिची अजून मोजायची राहिली आहे.